गावोगावची मिरची: निवडीने घडलेला वारसा



संत, समाजसुधारक, राज्यघटना, साहित्य अशा विषयांची सवय असलेल्या या व्यासपीठावर आज मिरचीवर बोलायचं आहे. विषय लहान वाटेल. पण आपल्यांत असं एक तरी घर आहे का, जिथे आज दुपारी मिरचीशिवाय जेवण झालं? ज्या वस्तूवाचून आपलं एक दिवसही भागत नाही, तिचा इतिहास आपल्याला किती ठाऊक असतो? सध्या उन्हं तापली आहेत. गच्चीवर, अंगणात मिरच्या वाळताहेत आणि वर्षाचं तिखट करून ठेवायची घरोघरी लगबग आहे. तेव्हा हा विषय वेळेवरही आहे आणि महत्त्वाचाही. मी तीन मुद्दे मांडणार आहे. परमुलखातून आलेली मिरची आपली कशी झाली, हा पहिला. प्रत्येक भागातल्या मिरचीने आणि स्वयंपाकाने एकमेकांना कसं घडवलं, हा दुसरा. आणि हा वारसा आज कशामुळे धोक्यात आहे आणि कशाने टिकेल, हा तिसरा. या तिन्हींमागे सूत्र एकच आहे, ते आधीच सांगतो. वारशाची किंमत त्याच्या वयावर ठरत नाही. पिढ्यानपिढ्या माणसांनी जी निवड केली, तो वारसा. निवड थांबली की वारसाही संपतो, मग त्याचं नाव कितीही गाजो.

आता पहिला मुद्दा. मिरचीचं मूळ अमेरिका खंडात आहे. मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेतल्या लोकांनी रानटी मिरचीपासून निरनिराळ्या जाती हजारो वर्षं जोपासल्या. 1492 मध्ये कोलंबस कॅरिबियन बेटांवर पोचला, तो काळ्या मिऱ्यांच्या शोधात. त्याला मिरी मिळाली नाही, मिरची मिळाली. पुढे पोर्तुगिजांची जहाजं ती घेऊन आफ्रिकेला आणि आशियाला आली. 1498 मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला, 1510 मध्ये गोवा पोर्तुगिजांच्या हाती गेला, आणि त्या सोळाव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर मिरची रुजली. त्याआधी आपल्या जेवणाला तिखटपणा कशाने यायचा? बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या भोजनाचं सविस्तर वर्णन आहे. त्यात मिरी आहे, आलं आहे, हिंग आहे, जिरं आहे. मिरची नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘ऐन-ए-अकबरी’त अकबराच्या मुदपाकखान्यातले पदार्थ आणि त्यांची प्रमाणं दिली आहेत. तिथेही मिरी आहे, मिरची नाही. म्हणजे जी मिरची आपल्याला युगानुयुगांची वाटते, तिचं इथलं वय चार-पाच शतकांपलीकडे जात नाही.

इथे पहिला आक्षेप येतो. मिरची जर बाहेरून आली, तर तिला आपला वारसा कसं म्हणायचं? या आक्षेपाला उत्तर द्यायला फार लांब जायला नको, एकादशीचं ताट पुरेसं आहे. साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा अमेरिकेचा. शेंगदाणा अमेरिकेचा. बटाटा अमेरिकेचा. हिरवी मिरची अमेरिकेची. जिरं, तूप आणि मीठ सोडलं तर त्या ताटात कोलंबसाच्या आधीचं काय उरतं? तरीही उपासाच्या दिवशी, जेव्हा काय खावं आणि काय खाऊ नये याचा विचार सर्वांत काटेकोरपणे होतो, तेव्हा आपण हे पदार्थ विनाशंका पानात घेतो. लहान मुलाची दृष्ट काढताना मीठ-मोहऱ्यांबरोबर मिरच्या ओवाळतो. दुकानाच्या दारावर लिंबू-मिरची टांगतो. एखादं पीक समाजाच्या श्रद्धांमध्ये इतकं खोल उतरलं की ते परकं कसं राहील? आणि हे आपल्याकडेच घडलं असंही नाही. हंगेरीची पाप्रिका हीसुद्धा बाहेरून आलेली मिरचीच. फ्रान्सच्या बास्क प्रदेशात एस्पलेत नावाचं गाव आहे. तिथे घरांच्या भिंतींवर लाल मिरच्यांच्या माळा वाळत घालतात, आणि त्या मिरचीच्या नावाला तिथे कायद्याचं संरक्षण आहे. बी बाहेरून आलं, तरी ते वाढवण्याची रीत आणि त्यातून घडलेली चव त्या मातीची असू शकते. आक्षेप घेणारे बियाण्याचा जन्मदाखला मागतात. माझ्या मते, चारशे वर्षं त्या बियाण्याचं कोणी काय केलं, हे विचारायला हवं.

मिरची इतक्या झपाट्याने का पसरली, यालाही कारण आहे. मिरीचा वेल मलबारसारख्या दमट, पावसाळी डोंगरउतारावरच जोमाने वाढतो. म्हणून देशावरच्या कोरडवाहू शेतकऱ्याला मिरी पिकवता येत नव्हती, विकतच घ्यावी लागे. मिरची तशी नाही. ती हलक्या जमिनीत येते, परसात येते, गोठ्याच्या कडेला येते. पक्ष्यांना तिचा तिखटपणा जाणवत नाही, त्यामुळे ते फळ खाऊन बी दूरवर टाकतात. ज्याच्या घरी भाकरीबरोबर खायला भाजी नसे, त्याला मीठ, लसूण आणि मिरची यांचा ठेचा पुरे झाला. ज्वारी-बाजरीच्या मुलखात मिरची हे गरिबाचं कोरड्यास झालं. चव ही पैसेवाल्याची मिरास राहिली नाही. मिरचीने स्वयंपाकघरात केलेली ही फार मोठी उलथापालथ आहे. पेशवे-निजामांच्या लढायांइतकीच ती इतिहासात नोंदवली जायला हवी. शिवाय हिरव्या मिरचीत क जीवनसत्त्व भरपूर असतं. सेंट-ग्यॉर्गी या हंगेरियन शास्त्रज्ञाने सेगेद शहरात पाप्रिकेपासूनच ते मोठ्या प्रमाणात वेगळं काढलं, आणि त्या संशोधनासाठी त्याला 1937 मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. आपल्या शेतकऱ्याला जीवनसत्त्वांची नावं माहीत नव्हती. पण कोरड्या भाकरीला काय लागतं, हे त्याला पक्कं माहीत होतं.

आता दुसऱ्या मुद्द्याकडे येतो. एकाच बियाण्याच्या इतक्या तऱ्हा कशा झाल्या? मिरचीच्या फुलाला स्वतःचा पराग चालतो, पण मधमाश्या आणि इतर कीटक शेजारच्या झाडांचा परागही आणून टाकतात. त्यामुळे तिच्यात सतत थोडा थोडा बदल होत राहतो. या बदलातून काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे ठरवणारं कोणीतरी लागतं. हे काम कोणी केलं? बहुतांशी घरच्या बायकांनी. तोड्याच्या वेळी, सर्वांत भरलेल्या आणि सारख्या रंगाच्या मिरच्या बियाण्यासाठी बाजूला काढायच्या, वाळवायच्या आणि पुढच्या पेरणीपर्यंत जपायच्या. कुठल्या झाडाला लाल रंग चांगला चढतो, कुठली मिरची वाळल्यावर पांढरी पडत नाही, कुठलीचं देठ घट्ट राहतं, कुठली दळल्यावर कडू लागते, ही पारख त्यांनी केली. कृषी विद्यापीठं निघण्याच्या कितीतरी आधी शेताच्या बांधावर हे वनस्पतिशास्त्र चाललं होतं. फक्त त्याची नोंद कोणी ठेवली नाही, आणि ते करणाऱ्यांची नावंही आपल्यापर्यंत पोचली नाहीत.

या पारखीतून काय घडलं, ते पाहा. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली ब्याडगी, जिला आपल्याकडे बेडगी म्हणतात, ती लांब, सुरकुतलेली, गडद लाल आणि बेताची तिखट. तिचेही कड्डी आणि डब्बी असे दोन प्रकार आहेत, पहिला लांब आणि बारीक, दुसरा आखूड आणि फुगीर. हुक्केरी तालुक्यातल्या संकेश्वराचं नाव घेऊन गडहिंग्लज-निपाणी पट्ट्यात रुजलेली संकेश्वरी बारीक, लांब, आणि तिखटाला नेमकी. लवंगी इवलीशी, पण जाळ काढणारी. नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरची लालभडक मिरची विदर्भातल्या रश्शांचा आधार. तिथल्या सातऱ्यांवर, म्हणजे मिरची निवडायच्या आवारांत, देठ खुडणाऱ्या बायकांच्या हातांवर कित्येक घरांची चूल पेटते. गोव्यात काणकोणजवळच्या खोला गावात डोंगरउतारावर केवळ पावसाच्या पाण्यावर येणारी मिरसांग आहे, आणि पेडण्यातली हरमलची मिरसांग आहे. प्रदेश बदलतो तसा रंग, जाडी, वास आणि तिखटपणा बदलत जातो.

आणि जशी मिरची तसा स्वयंपाक. किनाऱ्यावर ओला नारळ आहे, हवा दमट आहे, कोरडा मसाला फार दिवस टिकवणं अवघड. तिथे सुक्या मिरच्या भिजवून, धने आणि खोबऱ्याबरोबर पाट्यावर वाटायची रीत पडली. या वाटपाला ब्याडगी किंवा खोल्याची मिरसांग लागते, कारण मुबलक घालूनही जेवण जाळत नाही, आणि हुमणाला किंवा तिरफळं घातलेल्या बांगड्याच्या आमटीला रंग चढतो. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत हीच लाल मिरची व्हिनेगरमध्ये वाटून रेशादचा मसाला झाला. घाटावर ऊन कडक आणि हवा कोरडी, म्हणून तिथे वर्षभराच्या मसाल्याची रीत. कोल्हापूरकडे कांदा-लसूण मसाल्याला नुसतं ‘चटणी’ म्हणतात. ती कशी करतात? मिरच्यांना कडकडीत उन्हं दाखवून देठं काढतात. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, झणका हवा तर मूठभर लवंगी. धने, तीळ, सुकं खोबरं आणि खडा मसाला वेगवेगळा भाजतात, कांदा तेलात लालसर तळतात, मग लसूण आणि कोथिंबीर घालून सगळं डंकावर कुटून आणतात. बरणीत भरताना मध्ये हिंगाचे खडे पेरतात. या सगळ्यात मिरचीची निवड हीच कळीची पायरी असते. एक जात बदला, मसाल्याचं प्रमाण तेच ठेवा, आणि तांबडा रस्सा ओळखू येईनासा होतो. मुंबईत लालबागच्या मिरची गल्लीत गिरणगावातल्या माणसांनी आपापल्या गावाची ही प्रमाणं डंकवाल्यांकडे आणली. मालवणी मसाला, आगरी मसाला, घाटी मसाला एकाच गल्लीत कुटले गेले. वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन समाजाचा बाटल्यांत दाबून भरलेला बॉटल मसाला, नागपुरात हलबा कोष्ट्यांच्या घरांतून पुढे आलेला सावजी रस्सा, खानदेशचा काळा मसाला, यांतला कुठलाही एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही. गावागणिक चव बदलते ती हौसेने नाही. हवामान, पीक आणि साठवण यांच्या जुळणीतून ती घडलेली असते.

इथे कोणी म्हणेल, शेवटी तिखट ते तिखट, यात एवढं काय? ही समजूत आज फार पसरली आहे, आणि तिला मोजमापाचाही आधार मिळाला आहे. 1912 मध्ये विल्बर स्कोव्हिल या अमेरिकी औषधशास्त्रज्ञाने मिरचीचा अर्क गोड पाण्यात किती पातळ केला की तिखट लागेनासा होतो, यावरून तिखटपणा मोजायची पद्धत काढली. 2007 मध्ये ईशान्य भारतातल्या भूत जोलोकियाने या मोजणीत दहा लाखांचा टप्पा ओलांडला आणि जगभर गाजावाजा झाला. भूत जोलोकियाही तिथल्या लोकांनी जपलेला वारसाच आहे, त्याबद्दल आदर आहे. पण याच पट्टीने मोजलं तर ब्याडगी अगदी खालच्या पायरीवर जाते. मग बाजारात तिला इतका भाव का मिळतो? तिच्या रंगासाठी. तिच्यातली लाल रंगद्रव्यं काढून खाद्यरंग बनवण्याचा मोठा उद्योग उभा आहे. मिरचीचा जाळ कॅप्सायसिन या द्रव्यात असतो, आणि ते बियांना धरून ठेवणाऱ्या आतल्या पांढऱ्या शिरेत साठतं. रंग सालीत असतो. वास आणि गोडसरपणा आणखी वेगळ्या द्रव्यांतून येतो. म्हणजे एका मिरचीत चार-पाच गुण असतात आणि आपण त्यांतला एकच मोजतो. शेतावरच्या बाईने ते सगळे एकत्र तोलले होते. पट्टी एकच धरली, की वैविध्य निरर्थक वाटायला लागतं, आणि निरर्थक वाटणाऱ्या गोष्टी टिकत नाहीत.

आता तिसरा मुद्दा, आणि तो सर्वांत अवघड. हा वारसा आज कुठे आहे? संकेश्वरीच्या पट्ट्यात पाणी आलं तिथे ऊस आला. भिवापूरच्या सातऱ्यांवर देठं खुडायला बाहेरच्या राज्यांतली मिरची येते. नंदुरबारच्या पथारींवर लाल मिरचीचे गालिचे पसरतात, पण त्यांत संकरित वाणांचा भरणा मोठा. ब्याडगीच्या बाजारात ब्याडगीसारख्या दिसणाऱ्या 2043, 5531 अशा आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या संकरित मिरच्या विकल्या जातात. मिरचीत परागाची देवघेव होत असल्याने, चार शेतांत संकरित वाण आणि पाचव्यात जुनं, तर पाचव्याचं बी काही वर्षांत शुद्ध राहत नाही. एकट्या शेतकऱ्याने निष्ठेने बी जपूनही उपयोग होत नाही, त्याला गावाची साथ लागते.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो फार वजनदार आहे. शेतकऱ्याने जुनं वाण लावून तोटा का सोसायचा? चुरडा-मुरडा रोग पडला की जुनी मिरची कोसळते. 2021 मध्ये आंध्र, तेलंगणा आणि कर्नाटकात काळ्या फुलकिड्यांनी शेतंच्या शेतं उजाड केली. संकरित मिरची एकरी जास्त उत्पन्न देते. कर्जाचे हप्ते डोक्यावर असलेल्या माणसाला शहरातल्या सभागृहातून वारसा जपायला सांगणं हा अन्याय आहे, आणि तो अन्याय मी करणार नाही. 2024 च्या मार्चमध्ये ब्याडगीत भाव कोसळले तेव्हा संतापलेल्या शेतकऱ्यांनी बाजार समितीत जाळपोळ केली. तो संताप डोळ्यांआड करून वारशाच्या गप्पा मारता येणार नाहीत. पण या आक्षेपातूनच उत्तरही निघतं. जुन्या वाणाचं उत्पन्न कमी आहे, म्हणजे त्याचा किलोमागचा भाव जास्त असायला हवा, आणि तो भाव खाणाऱ्याने द्यायला हवा. शिवाय संकरित वाणं तरी कुठून येतात? आपल्या रोजच्या ओळखीची पुसा ज्वाला ही मिरचीसुद्धा आधीच्या दोन वाणांच्या संकरातूनच तयार झाली. उद्या नवी कीड आली तर तिला तोंड देणारा गुण कुठल्याशा जुन्या गावठी मिरचीतच शोधावा लागेल. अकोल्यात राष्ट्रीय जनुक संग्रहाचं केंद्र आहे, तिथे बी जपलं जातं, आणि ते आवश्यकच आहे. पण शीतपेटीतलं बी बदलत्या पावसाशी, नव्या किडीशी झुंजत नाही. झुंजतं ते शेतात, दरवर्षी पेरलं गेलं तरच.

तिसरा आक्षेप असा, की भौगोलिक मानांकन मिळालं ना, मग काळजी कसली? ब्याडगीला मिळालं आहे, गुंटूर सन्नमला मिळालं आहे, भिवापूरला मिळालं आहे, खोला आणि हरमलला मिळालं आहे. ही चांगली गोष्ट आहे. पण मानांकन नावाचं रक्षण करतं. बियाण्याचं, भावाचं, पारखीचं रक्षण ते आपोआप करत नाही. मानांकित नावाखाली भलतंच वाण विकलं गेलं आणि गिऱ्हाइकाला फरकच कळला नाही, तर त्या प्रमाणपत्राचा शेतकऱ्याला काय उपयोग? फरक ओळखणारी जीभ असेल तरच मानांकनाला अर्थ आहे. म्हणूनच हा प्रश्न एकट्या कृषी खात्याचा नाही, तो स्वयंपाकघराचाही आहे. वेळ नाही म्हणून पाकिटातलं तिखट घेणाऱ्या घरांना मी दोष देत नाही. मसाला कुटण्याचे कष्ट आजवर बायकांनीच उपसले, ते कमी झाले हे बरंच झालं. पण कष्ट कमी होण्यासाठी चव एकसारखी व्हायलाच हवी, असं कोण म्हणतं? कुटायचं काम डंक करेल, बचत गट करेल, कारखाना करेल. मिरची कुठली, हे मात्र आपण विचारू शकतो.

मग करायचं काय? गावाने एकत्र येऊन जुन्या वाणासाठी शिवाराचा एक भाग राखावा, आणि दापोली, राहुरी, परभणी, अकोला इथल्या विद्यापीठांनी निवडीच्या आणि शुद्धतेच्या कामात शेतकऱ्यांच्या, विशेषतः शेतकरी बायकांच्या बरोबरीने बसावं. 2001 च्या पीक वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्यांना आपली वाणं स्वतःच्या नावावर नोंदवायचा हक्क दिला आहे, तो हक्क गावोगावी वापरला जावा. मसाल्याच्या प्रत्येक पाकिटावर मिरचीचं वाण आणि गाव छापणं बंधनकारक व्हावं. आणि आपण, या सभागृहात बसलेल्यांनी, पुढच्या आठवड्यात मिरची घ्यायला गेल्यावर दुकानदाराला गावाचं नाव विचारावं आणि त्या नावाचे चार पैसे जास्त मोजावेत. चारशे वर्षं निवडीची जबाबदारी मुख्यतः शेतावरच्या बायकांनी वाहिली. आज त्यातला वाटा उचलण्याची पाळी खाणाऱ्यांची आहे. हा वाटा आपण उचलला तर संकेश्वरी आणि भिवापुरी शेतात राहतील. नाही उचलला, तर त्यांची नावं पाकिटांवर राहतील आणि मिरची गेलेली असेल.